भेगा सांगतील तसं बेट

खडकाळ बेटाकडे होडीतून पाहताना सगळं श्रेय समुद्राला देऊन टाकायची आपल्याला सवय असते. हजारो वर्षं लाटा आदळल्या, कडे तासले गेले, गुहा पडल्या, सुळके उरले; झालं, बेटाची गोष्ट संपली. पण मग एकाच बेटाच्या एकाच बाजूला, एकाच लाटेच्या माऱ्यात, इथे कडा सरळसोट उभा, पन्नास पावलांवर एक अरुंद घळ आत शिरलेली आणि त्यापुढे पुन्हा भक्कम नाक समुद्रात घुसलेलं, असं का? लाट तर सगळीकडे तीच. फरक खडकात आहे. आणि खडकातही तो किती कठीण आहे यापेक्षा कुठे कुठे तडकला आहे यात जास्त आहे. मेहनत समुद्राची, ती कुठे करायची ते ठरवतात भेगा. हे एकदा ध्यानात आलं की बेटाचा रांगडेपणा अस्ताव्यस्त वाटायचा थांबतो आणि त्यात एक काटेकोर आखणी दिसू लागते.

भेगा समुद्राच्या कितीतरी आधीच्या असतात. लाव्हा थिजताना आकसतो, आणि आकसायला जागा नसली की तडकतो. तळं आटल्यावर तळाच्या चिखलाला जशा बहुकोनी भेगा पडतात तसंच हे, फक्त इथे भेग वरून खाली आणि खालून वर, थंड होत जाणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून खोल उतरत जाते. त्यातून उभे खांब तयार होतात. बहुतेक पाच, सहा किंवा सात बाजूंचे. सगळेच षट्कोनी असतात हा गैरसमज आहे. लाव्हा सावकाश निवला तर खांब जाड, घाईने निवला तर बारीक. स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्टाफा नावाचं छोटं बेट आहे, त्याच्या दक्षिण टोकाला हे एखाद्या उघड्या पुस्तकासारखं वाचता येतं. सगळ्यात खाली ज्वालामुखीच्या राखेचा थर, त्यावर रेखीव उभ्या खांबांची रांग, आणि त्यावर वेडेवाकडे, बारीक, कुठेही वळलेले खांब. वरच्या भागात पाणी शिरून लाव्हा पटकन आणि वेगवेगळ्या दिशांनी निवला, म्हणून तिथली शिस्त बिघडली. सुमारे सत्तर मीटर आत गेलेली फिंगलची गुहा याच खांबांमध्ये आहे. तिच्या भिंतींना इतका सरळपणा कुणा कारागिराने दिलेला नाही. खांब सुटत गेले, आणि सुटताना ते आपल्या भेगेवरच सुटतात.

आपल्याकडे कर्नाटकातल्या मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवर असेच खांब आहेत. खडक मात्र स्टाफासारखा बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा पाषाण नव्हे, तर रायोलाइट-डॅसाइट या दुसऱ्या जातीच्या लाव्ह्याचा, आणि वय सुमारे ८.८ कोटी वर्षं. मादागास्कर भारतापासून सुटं झालं त्या काळातला हा लाव्हा. म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाहून दोन कोटी वर्षांनी जुना. तिथे उभं राहिलं की पायाखालची भेग आणि समोरचा अरबी समुद्र, दोन्ही एकाच मोठ्या तुटण्याशी नातं सांगतात.

वालुकाश्माची गोष्ट वेगळी. वाळूचे थर आडवे साचतात, म्हणून थराथरांमधल्या आडव्या फटी आयत्याच मिळतात. पुढे जमीन वर उचलली गेली, वाकली, ताणली गेली की उभे सांधे, म्हणजे खडकातल्या सरळ भेगा, पडतात, बहुतेक वेळा एकमेकांशी काटकोनाच्या आसपास असलेल्या दोन रांगांमध्ये. आडवं आणि उभं मिळून खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. अशा बेटाचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे, सुळके चौकोनी आणि कोपरे धारदार असतात. समुद्रपक्ष्यांना त्या आडव्या कपारी फार सोयीच्या पडतात; कड्यावर पक्ष्यांच्या रांगा जिथे एकाखाली एक ओळीने बसलेल्या दिसतात तिथे खडकाचे थर लांबूनही मोजता येतात.

ग्रॅनाइट तिसऱ्याच रीतीने फुटतो. तो जमिनीखाली खोलवर थिजलेला. वरचं ओझं झिजून गेलं की दाब सुटतो आणि पृष्ठभागाला समांतर पापुद्रे सुटू लागतात. त्यात उभे सांधे आले की ठोकळे होतात, पाणी सांध्यांतून मुरून ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजवतं आणि उरतात ते गोलसर, प्रचंड धोंडे. सेशेल्समधल्या ला दिग बेटाचे किनारे असे आहेत. तो ग्रॅनाइट जवळपास ७५ कोटी वर्षांचा, आणि त्याची गोलाई मुख्यतः समुद्राने घडवलेलीच नाही. ती जमिनीखाली, मातीच्या ओलाव्यात घडली. समुद्राने आणि पावसाने फक्त माती धुऊन नेली. लाटेला श्रेय द्यायच्या आपल्या सवयीला छेद देणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

चुनखडक या सगळ्यांत सरळ बोलणारा. आयर्लंडच्या पश्चिमेला इनिशमोर बेटावर कड्याच्या पायथ्याशी एक कुंड आहे. इतकं रेखीव आयताकृती की ते माणसाने कापलेलं नाही यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. खालून समुद्राचं पाणी आत येतं, उसळतं, पुन्हा ओढलं जातं. चारही बाजू खडकाच्या सांध्यांवर बरोबर बसलेल्या आहेत. त्याच बेटाच्या माथ्यावरचा उघडा कातळही अशाच सरळ भेगांनी चौकटीचौकटीत विभागलेला आहे. वरची चौकट आणि खालचं कुंड एकाच आखणीतून आलं आहे.

कुठल्याही खडकाळ बेटावर हे पडताळून बघता येतं, आणि त्यासाठी होकायंत्र आणि वहीपलीकडे काही लागत नाही. कड्याच्या माथ्यावर जिथे कातळ उघडा आहे अशी जागा निवडायची. किमान दोन-तीन पावलं लांबीच्या, सरळ जाणाऱ्या भेगाच घ्यायच्या. नखाएवढ्या तडा सोडून द्यायच्या. भेग कुठल्या दिशेने धावते ते अंशांत लिहायचं, आणि अशा निदान तीस भेगा, त्याही एकाच कोपऱ्यातल्या नव्हे. मग दहा-दहा अंशांचे गट पाडून कुठल्या गटात किती आल्या ते मोजायचं. बहुतेक ठिकाणी दोन, फार तर तीन दिशांना गर्दी दिसते. आता बेटाचा नकाशा किंवा उपग्रहावरून घेतलेलं चित्र समोर ठेवून घळींच्या, गुहांच्या तोंडांच्या, सुळक्यांच्या रांगांच्या दिशा मोजायच्या. जुळणी स्पष्ट दिसली तर बेटाची निम्मी रचना हाती आली.

यात चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिजं असतात. होकायंत्र खडकावर टेकवलं तर सुई भरकटते. ते छातीच्या उंचीवर, खडकापासून मीटरभर दूर धरून भेगेच्या रेषेत नजर लावायची. मोबाइलमधलं होकायंत्र वापरत असाल तर आधी ते जुळवून घ्यायचं आणि लोखंडी सामान लांब ठेवायचं. दुसरी चूक जास्त फसवी आहे: कड्याला समांतर चालत मोजलं तर कड्याला समांतर भेगा मोजणीतून निसटतात, कारण त्या आपल्या वाटेला आडव्या येतच नाहीत. म्हणून एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन रेषांवर चालत मोजणी करायची.

भेगेत लाट नेमकं करते तरी काय? लाट आदळते तेव्हा भेगेत आधीपासून असलेली हवा कोंडली जाते आणि दाबली जाते. पाणी मागे हटलं की तीच हवा एकदम प्रसरण पावते. दाब, सुटका, दाब, सुटका. दर दहा-बारा सेकंदांनी एकदा, रात्रंदिवस. एका दणक्याने खडक फुटत नाही, पण भेगेच्या टोकाशी खडक थकत जातो. त्यात खारं पाणी आत सुकलं की मिठाचे स्फटिक वाढतात आणि तेही आतून ढकलतात. कड्यांवर मधाच्या पोळ्यासारखी जी जाळी दिसते ती मुख्यतः मिठाची करणी. ठोकळा पुरता सुटला की मागे ओढणारं पाणी त्याला बाहेर काढतं. आणि तो ठोकळाच पुढच्या लाटेचं हत्यार होतो.

हत्याराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कडा थेट खोल पाण्यात उतरत असेल तर लाट फुटतच नाही. ती कड्यावरून परत फिरते, येणारी आणि परतणारी लाट मिळून पाणी जागच्या जागी दुप्पट उंच वरखाली होतं, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण खडकाचं त्या मानाने कमी नुकसान होतं. तिथे गोटेही नसतात, कारण ते बुडून खोल गेलेले असतात. उलट कड्यासमोर उथळ कातळ असेल तर लाट त्यावर फुटते, गोटे उचलते आणि कड्याच्या पायावर भिरकावते. साधारणपणे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपटीच्या आत आली की लाट फुटते. भयानक दिसणारा कडा आणि वेगाने झिजणारा कडा एकच असेल असं अजिबात नाही.

लाटेची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाने वाढते: उंची दुप्पट, तर ऊर्जा चौपट. २०१३-१४ च्या हिवाळ्यात अटलांटिकमधल्या वादळांनी पश्चिम आयर्लंडच्या किनाऱ्यावर जे केलं ते नंतर मोजलं गेलं. हललेल्या धोंड्यांतला सगळ्यात मोठा ६२० टनांचा होता. तोही मुळात भेगांवर सुटलेला ठोकळाच. लाटेने तो हलवला. अखंड कातळातून तो कापून काढणं तिला जमलं नसतं.

एखादी भेग बाकीच्यांपेक्षा रुंद असते, किंवा तिच्या दोन्ही बाजूंचा खडक जुन्या हालचालीत भरडलेला असतो, किंवा तिच्यात नंतर लाव्हा घुसून भिंतीसारखा थिजलेला असतो. ही भिंत आजूबाजूच्या खडकाहून मऊ निघाली तर तिथे घळ पडते. कठीण निघाली तर तीच समुद्रात घुसलेली धार होऊन उरते. एकाच बेटावर दोन्ही प्रकार दिसू शकतात. घळीच्या टोकाला छत टिकलं असेल तर गुहा. गुहेच्या छतात उभा सांधा असेल तर त्यातून भोक पडतं आणि भरतीच्या मोठ्या लाटेत त्या भोकातून पाण्याचा फवारा माथ्यावर उडतो. भूशिराच्या दोन बाजूंनी एकाच सांध्यावर दोन गुहा आत सरकत आल्या आणि एकमेकींना भेटल्या की आरपार नेढं. नेढ्याचं छत कोसळलं की सुटा सुळका, आणि सुळका ढासळला की ओहोटीला डोकं वर काढणारा खुंट.

शाळेच्या पुस्तकात ही मालिका पाहिली की ती लाखो वर्षांची वाटते. तशी ती नसते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातला ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ हा १३७ मीटर उंचीचा लाल वालुकाश्माचा सुळका घ्या. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या नकाशांत तिथे सुळका नाही, भूशीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रात त्याला दोन पाय दिसतात, म्हणजे तेव्हा तिथे कमान होती. मग एक पाय गेला. १९६६ साली गिर्यारोहक त्याच्या माथ्यावर पहिल्यांदा पोहोचले तेव्हा तो सुळका म्हणून काही शतकांचाही नव्हता. आणि माल्टाच्या गोझो बेटावरची ‘अझूर विंडो’ नावाची प्रसिद्ध कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात एका सकाळी कोसळली, खांबासकट. छत पडून सुळका उरेल अशी अपेक्षा असते, पण खांबाचा पाया पाण्याच्या पातळीवर आधीच पोखरला गेला असेल तर छताबरोबर खांबही जातो. म्हणून कमान पाहताना नजर छताच्या जाडीवर जाते तशी खांबाच्या पायाकडेही जायला हवी. पायाशी आडवी खोबण पडली आहे का, आणि उभा सांधा खांबातून खालपर्यंत गेला आहे का, या दोन गोष्टी पुरेशा बोलक्या असतात.

याच्या दुसऱ्या टोकाला बॉल्स पिरॅमिड आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, लॉर्ड हाव बेटापासून वीसेक किलोमीटरवर, साडेपाचशे मीटरांहून उंच उठलेला हा सुळका म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीचा उरलेला कणा. पाण्याखाली त्याच्याभोवती पसरलेलं विस्तीर्ण सपाट पठार सांगतं की मूळ बेट केवढं होतं. २००१ साली याच सुळक्यावरच्या एका झुडपात लॉर्ड हाव बेटावरून नामशेष झालेला मानला गेलेला मोठा काडीकिडा पुन्हा सापडला. झुडूप उगवलं होतं एका भेगेत. पाणी आणि माती तिथेच साठते.

कडा मागे सरत जातो तेव्हा त्याच्या पायथ्याशी सपाट कातळ उरतो. पुस्तकात त्याला तरंगघर्षित चबुतरा म्हणतात. उतार फार तर दोन-तीन अंश. बेट समजून घ्यायची सगळ्यात चांगली जागा हीच, कारण इथे खडक झाडोऱ्याखाली दडलेला नसतो आणि लाटांनी घासून पुसून ठेवलेला असतो. भेगांचं जाळं एका नजरेत येतं. चबुतरा जसजसा रुंद होतो तसतशी लाट त्यावरच दमून जाते आणि कड्यापर्यंत तिचा जोर पोहोचत नाही. म्हणजे कडा स्वतःच्या झिजण्यातून स्वतःचं संरक्षण उभं करत असतो.

मात्र ही जागा दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, आणि बेटांवरचे बरेच अपघात इथेच होतात. त्यामुळे भरती-ओहोटीचं गणित नीट समजून घेतल्याशिवाय उतरू नये. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळा रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण येतं: भरती सगळ्यात वर, ओहोटी सगळ्यात खाली. अष्टमीच्या सुमाराला भांग: चढउतार सगळ्यात कमी. चबुतरा पुरता उघडा पाहायचा तर उधाणाची ओहोटी हवी, आणि नेमकं त्याच दिवशी परतणारं पाणीही सगळ्यात वेगाने चढतं.

किती वेगाने? बारा भागांचा हिशेब सोपा आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी पहिल्या तासाला एकूण चढीच्या बाराव्या हिश्श्याने चढतं, दुसऱ्या तासाला दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तीन-तीन, मग दोन, मग एक. चढ ४.८ मीटर असेल तर तिसऱ्या एका तासात १.२ मीटर. ऐकायला कमी वाटतं. पण चबुतऱ्याचा उतार एक अंश असेल तर उंचीचे १.२ मीटर म्हणजे आडवे जवळपास ६९ मीटर. पहिल्या तासात पाणी जागचं हललं नाही असं वाटतं, माणूस निर्धास्त होतो, आणि तिसऱ्या तासात ते चालत येतं. शिवाय चबुतरा कधीच एकसारखा नसतो. भेगांवर कोरलेल्या नाळा आधी भरतात, त्यामुळे पुढे कोरडा कातळ दिसत असताना मागे, कड्याच्या बाजूला, पाणी आलेलं असतं. भूशिराच्या कोपऱ्यावर वाट सगळ्यात आधी बंद होते. म्हणून ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरायचं, पाण्याच्या मागोमाग पुढे जायचं, आणि ओहोटीची वेळ होईल तेव्हा परतीच्या वाटेवर पाय असायला हवा. बाहेर पडायची जागा उतरण्याआधी वरून पाहून ठेवायची.

वेळापत्रक कुठल्या बंदराचं आहे हेही पाहावं. शेजारच्या बंदराच्या आणि बेटाच्या वेळेत फरक असतो, अरुंद सामुद्रधुनीच्या दोन तोंडांना तर चांगलाच. वेळ स्थानिक आहे की जागतिक प्रमाणवेळ हे न बघता निघालेल्या माणसाचा सगळा हिशेब तासांनी चुकतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर राहतं, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा त्यात भर घालतो. वादळी हवेत वेळापत्रकातली ओहोटी प्रत्यक्षात तेवढी खाली जातच नाही. आणि काही समुद्रांत दिवसातून एकच भरती येते; तिथे बारा भागांचा हिशेब गुंडाळून ठेवायचा.

लाटांचं गणित त्याहून वेगळं. दोन शेंड्यांमधला वेळ सेकंदांत मोजायचा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये त्या वेळेच्या वर्गाच्या सुमारे १.५६ पट असते: सहा सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, बारा सेकंदांची सुमारे २२५ मीटर. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा तोकड्या, गर्दीच्या असतात. बारा-चौदा सेकंदांच्या लाटा हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या वादळातून आलेल्या असतात. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि तरीही त्या येतात. त्या दिसायला बसक्या असतात, पण प्रत्येक लाटेत पाणी जास्त, त्यामुळे कातळावर खूप वरपर्यंत चढतात. आणि त्या गटागटाने येतात. मधे कितीतरी मिनिटं शांतता असते, मग चार-पाच मोठ्या लागोपाठ. म्हणून कातळावर उतरण्याआधी निदान वीस मिनिटं एका जागी थांबून फक्त पाणी बघावं, आणि सगळ्यात मोठ्या लाटेने ओला केलेला कातळ कुठपर्यंत आहे ते लक्षात ठेवावं. एखादी लाट भोवतालच्या मोठ्या लाटांच्या सरासरीच्या दुपटीला पोहोचू शकते. त्या ओल्या रेषेच्या आत पाठ समुद्राकडे करून बसणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

कातळावरचे जीव हा हिशेब आधीच लिहून ठेवतात. सगळ्यात वर करडं-पिवळं दगडफूल, त्याखाली काळसर पट्टा, त्याखाली बार्नेकलचा, म्हणजे कातळाला घट्ट चिकटलेल्या कवचवाल्या जीवांचा, खरखरीत पांढरट पट्टा, मग शिंपले, आणि सगळ्यात खाली समुद्रशैवाल. बार्नेकल जिथे संपतात ती साधारण नेहमीच्या भरतीच्या पोहोचेची रेषा. लाटांच्या तोंडावर असलेल्या बाजूला तुषार उंच उडतात, म्हणून सगळे पट्टे वर सरकतात आणि रुंद होतात. आडोशाच्या बाजूला ते खाली आणि अरुंद. बेटाला एक फेरी मारून काळ्या पट्ट्याची रुंदी बघितली की वर्षभर कुठल्या बाजूने मार बसतो ते वेगळं विचारावं लागत नाही. चालण्यासाठीही हेच उपयोगी: बार्नेकलवर पाय धरतो, काळा पट्टा ओला असला की सटकतो, आणि हिरव्या शेवाळावर पाय ठेवूच नये.

आता एक अडचण. चबुतरे, खोबणी, घळी, सगळं आजच्या पाण्याच्या पातळीशी जुळलेलं दिसतं, पण ही पातळी फार जुनी नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. आजच्या जवळपास तो सहा-सात हजार वर्षांपूर्वी पोहोचला. याचा अर्थ मुख्य भूमीलगतची बहुतेक बेटं तेव्हा बेटं नव्हतीच, मैदानातल्या टेकड्या होत्या. नौकानयनाच्या नकाशावर बेट आणि किनारा यांच्यामधली खोली पाहावी. सलग उथळ असेल, आणि दोन्हीकडे तेच थर त्याच कलाने जात असतील, तर सामुद्रधुनी म्हणजे बुडालेली दरी. ती दरीसुद्धा बहुधा एखाद्या मोठ्या भंगावरच, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या रेषेवरच, कोरलेली निघते. उलट बाजूने, आजच्या पाण्याच्या सहा ते नऊ मीटर वर एखादा जुना सपाट बाक कड्यात दिसला आणि तो किनारा भूकंपांनी हललेला नसेल, तर तो सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचा असण्याची शक्यता मोठी. तेव्हा समुद्र तेवढा वर होता.

आणि कधीकधी जमीनच हलते. डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर वर आला आणि प्रवाळ उघडे पडून मेले. त्याच घटनेत ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरांहून अधिक खाली गेलं आणि तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. एकाच द्वीपमालेची दोन टोकं, काही मिनिटांत.

भेगा पाण्याचंही ठरवतात, गोड्या पाण्याचं. वाळूच्या किंवा सच्छिद्र चुनखडकाच्या बेटाखाली पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. दोघांच्या घनतेतला फरक जेमतेम अडीच टक्के, त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर असतं. हिशेब उलटाही लागू: विहिरीतली पातळी कायमची एक मीटर उतरवली तर खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकतं. कठीण खडकाच्या बेटावर असा नीटस साठा नसतो. पाणी फक्त भेगांत. एक विहीर गोडी आणि पंधरा मीटरवरची दुसरी खारी, असं तिथे घडतं, कारण दुसरीने छेदलेली भेग थेट समुद्रात उघडते. नवी विहीर घ्यायची तर समुद्राकडे धावणारी भेगांची दिशा टाळावी आणि उपसा सावकाश ठेवावा. कड्यात मध्येच हिरवळीचा आडवा पट्टा दिसला तर तिथे झिरपणारा थर आणि न झिरपणारा थर भेटतात असं समजावं.

तोच हिरवा पट्टा धोक्याचीही सूचना देतो. भेगांत पाणी साठलं की दाब वाढतो. म्हणून दरडी मोठ्या पावसानंतर लगेच आणि पुढचे काही दिवस पडतात, ऐन वादळातच पडतात असं नाही. थर समुद्राकडे कललेले असतील तर त्यावरून फरश्याच्या फरश्या घसरतात. आत, बेटाकडे, कललेले असतील तर कडा जास्त उभा राहूनही जास्त टिकतो. माथ्यावर चालताना काठाला समांतर धावणारी भेग दिसली की तिच्या पलीकडचा भाग गेलाच असं धरून चालायचं, मग त्यावर कितीही दाट गवत असो. गवताची कड खालच्या खडकाच्या पुढे झुकलेली असते, वरून ती कळत नाही. खाली, कड्यावर फिकट रंगाचा ताजा डाग आणि त्याखाली धारदार, शेवाळ न चढलेले तुकडे असतील तर पडझड अलीकडची. गोलावलेले, बार्नेकल चढलेले धोंडे जुने.

ही पडझड नोंदवून ठेवणं कुणालाही शक्य आहे, आणि खडकाळ किनाऱ्यांच्या बाबतीत अशा जुन्या नोंदी फार मोलाच्या ठरतात. हॉयच्या सुळक्याचं वय नकाशे आणि चित्रांवरूनच कळलं. कड्यापासून सुरक्षित अंतरावर न हलणारी एक खूण ठरवायची, दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने फोटो काढायचा. ऊन तिरकं असताना काढला तर भेगांच्या सावल्या उठून दिसतात. भर दुपारी सगळा कडा सपाट दिसतो. चौकटीत मोजमापासाठी ज्ञात लांबीची काहीतरी वस्तू हवी. तारीख, वेळ, दिशा आणि त्या वेळची पाण्याची उंची लिहून ठेवायची. पाण्याची उंची राहून गेली तर पुढच्या वर्षीच्या फोटोत कड्याचा पाया किती खचला आणि किती नुसता पाण्याखाली आहे हे वेगळं काढता येत नाही.